‘शुद्धीकरण’ की ‘धारण’? : खाडीतील गाळाविषयीच्या परिभाषेचा विचार

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले. तेथील सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्येच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली होती. अशा किनाऱ्यावरील धातुमिश्रित गाळावर तिवर आणि कृमी यांच्या साहाय्याने उपाय करावा, असा एक विचार आहे. त्यासाठी मराठीत ‘शुद्धीकरण’ हा शब्द सहज योजिला जातो. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप या शब्दावर आहे.

सेंद्रिय मळाचे जीवाणू विघटन करतात. तेथे ‘शुद्धीकरण’ सार्थ होय. शिसे, जस्त, कॅडमियम ही मूलद्रव्ये आहेत. त्यांचे विघटन होत नाही. स्थान किंवा रूप तेवढे पालटते. तिवराचे झाड धातूंचा बराचसा अंश मुळांपाशीच अडविते, आणि प्राणवायुविरहित चिखलातील गंधकाची संयुगे त्यास बांधून ठेवतात. हे ‘धारण’ होय. धातू बाहेर काढावयाचा तर वनस्पती कापून न्यावी लागते; ते ‘उद्धरण’. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीस मनाई केली असल्याने तिवरांपुरती ती वाट खुंटलेली आहे. कृमींचे कार्य याहून निराळे. त्यांच्या बिळांतून प्राणवायू खोल उतरतो आणि बांधलेला धातू पुन्हा पाण्यात सुटू शकतो. झाड धरते, कृमी हलवितो. दोहोंना एकच नाव देणे म्हणजे परस्परविरोधी क्रियांतील भेद पुसून टाकणे होय.

‘धातुशोधन’ हा पर्यायही निर्दोष नाही. रसशास्त्रात त्याचा विग्रह ‘धातूचे शोधन’ असा षष्ठीने होतो. येथे अभिप्रेत आहे ती पंचमी, म्हणजे धातूपासून गाळाची मुक्तता. आणि तीच तर घडत नाही.

हा केवळ वैयाकरणाचा काथ्याकूट नव्हे. माकुणसारपासून मुरब्यापर्यंत चिखलात शिंपल्या वेचणाऱ्यास ‘शुद्ध’ हा शब्द अभय देतो, आणि कारखानदारास सूट. ‘धारण’ म्हटले की पुढील प्रश्न आपोआप उभे राहतात: धातू किती काळ धरला जाईल? झाड मेल्यास, गाळ उपसल्यास त्याचे काय होईल? आणि वरून नवा धातू येणे थांबले आहे काय? हे प्रश्न विचारावयास लावणारी संज्ञाच शास्त्रीय परिभाषेत ग्राह्य मानावी.