भाकरी मोडण्याचे बळ : अन्नाच्या पोताच्या यंत्रमापनाविषयी काही आक्षेप

प्रस्तुत लेखाचा विषय खाद्यपदार्थांच्या पोताचे उपकरणाने केलेले मापन हा असला, तरी त्याचे निमित्त अलिबागच्या उत्तरेस असलेल्या किहीम गावातील तांदळाची भाकरी हे आहे. पदार्थ बोटांना, दातांना, जिभेला आणि टाळूला जसा लागतो तो त्याचा पोत. आपल्याकडील अन्नशास्त्राच्या प्रयोगशाळांमधून आता टेक्श्चर ॲनालायझर रुळला आहे, आणि लाडू, पनीर, इडली, चपाती अशा पदार्थांचे ‘काठिण्य’, ‘संसक्तता’, ‘चर्वणीयता’ यांचे तक्ते शोधनिबंधांतून नियमाने छापले जातात. या तक्त्यांतील आकडे खोटे असतात असे नव्हे. ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहेत, हे मात्र बहुधा विचारलेले नसते.

या मापनपद्धतीचा उगम पाहणे उद्बोधक ठरते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९५० च्या दशकात चक्क दातांची कवळी बसवलेले एक यंत्र तयार झाले. त्यावरून जनरल फूड्स या कंपनीने ‘टेक्श्चरोमीटर’ घडवला आणि १९६३ मध्ये ॲलिना श्चेस्निआक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे विवेचन प्रसिद्ध केले. घासाएवढा तुकडा लागोपाठ दोनदा दाबायचा आणि बळाचा आलेख काढायचा, ही त्यातील मूळ कल्पना. पहिल्या दाबातील सर्वोच्च बळ म्हणजे काठिण्य. दुसऱ्या दाबाच्या आलेखाखालील क्षेत्रफळास पहिल्याच्या क्षेत्रफळाने भागले की संसक्तता. पुढे माल्कम बोर्न यांनी हीच रीत इन्स्ट्रॉन या यंत्रावर आणली.

श्चेस्निआक यांच्या काठिण्याच्या नऊ पायऱ्यांच्या श्रेणीत क्रीम चीज, फ्रँकफर्टर, ऑलिव्ह, गाजर असे करीत शेवटी खडीसाखर येते. अमेरिकन घरातील फडताळ डोळ्यांपुढे ठेवून ही श्रेणी रचली गेली, आणि तेथील खाणाऱ्यांसाठी ते योग्यच होते. त्याच काळातील त्यांच्या शब्दपाहणीत पोताचे ७८ शब्द मिळाले. जपानमधील १९७० च्या पाहणीत ४०६. या फरकावरून जपानी माणसाची जीभ अधिक तीक्ष्ण ठरत नाही, परंतु प्रत्येक भाषा पोताची विभागणी आपापल्या ताटावरून करते एवढे निश्चित दिसते. मराठीत खुसखुशीत आणि कुरकुरीत हे दोन वेगळे गुण आहेत : करंजी खुसखुशीत, चकली कुरकुरीत. चिवट, चामट आणि वातड यांतील भेद कोणतीही गृहिणी सांगेल. भात मोकळा, फडफडीत, आसट किंवा गुरगुट्या असतो. हे सारे शब्द बाजूस सारून इंग्रजी संज्ञांची संस्कृत भाषांतरे प्रश्नावलीत घालावयाची आणि चव घेणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘चर्वणीयतेस’ नऊपैकी गुण द्यावयास सांगावयाचे, हा प्रकार शास्त्रीय म्हणवतो खरा. पण त्या विद्यार्थ्याने घरी तो शब्द कधी उच्चारलेला नसतो.

आता भाकरीकडे वळू. किहीमसारख्या किनाऱ्यावरील गावात तांदळाच्या पिठाची आधी उकड काढतात, ती गरम असतानाच मळतात, भाकरी थापून तव्यावर टाकतात आणि वरून पाण्याचा हात फिरवतात. तांदळात ग्लुटेन नसल्यामुळे पिठाला बांधून धरण्याचे काम उकडीत फुललेला स्टार्चच करतो. भाकरी फुगते तेव्हा वरचा पातळ पापुद्रा सुटतो आणि खालची पाठ जाड राहते. म्हणजे एकाच भाकरीत दोन पोत असतात. त्यातून गोल चकती कापून ती दोनदा दाबली की पापुद्र्यामधली हवा निघून जाते आणि आकडा येतो तो मुख्यतः पाठीचा. शिवाय भाकरी कोणी दाबून पाहत नाही. ती मोडतात, तीही बहुधा एका हाताने. ‘भाकरी मोडणे’ या शब्दप्रयोगातच योग्य चाचणी सांगितलेली आहे : पट्टी दोन्ही टोकांना धरून ताणावी, ती फाटेपर्यंत लागणारे बळ आणि तोवर झालेली लांबी नोंदवावी. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात चपातीच्या कणकेवर जे काम झाले ते अजून वाचनीय वाटते, कारण कणकेस पाणी किती लागते हा लाटणाऱ्याचाच प्रश्न त्यात यंत्रापुढे ठेवला होता.

दुसरी अडचण वेळेची आहे. भाकरी निवते तसा स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो. अमायलोज आधी, अमायलोपेक्टिन सावकाश. तव्यावरची मऊ भाकरी काही तासांनी वातड होते. तांदूळ नवा की जुना, वाण कोणते, यावरही हा वेग अवलंबून असतो. निबंधात मात्र ‘नमुना सामान्य तापमानास आणून’ एवढेच वाक्य आढळते. अशा नमुन्यावरून केलेले मापन शिळ्या भाकरीचे असते आणि निष्कर्ष ताज्या भाकरीविषयी काढला जातो.

‘चिकटचर्वण’ आणि ‘चर्वणीयता’ ही दोन्ही मूल्ये एकाच पदार्थास लावू नयेत, पहिले निमघन पदार्थांसाठी व दुसरे घन पदार्थांसाठी आहे, असे स्वतः श्चेस्निआक यांनी बजावले होते. तरीही संगणक दोन्ही स्तंभ छापतो म्हणून निबंधातही दोन्ही स्तंभ येतात!

यंत्राला हाताची सर नाही, असे म्हणून मोकळे होण्याचा मार्ग मला मान्य नाही. जीभ थकते, परीक्षकांत मतभेद होतात, आणि सहा तासांत भाकरी किती वातड झाली हे यंत्र माणसापेक्षा अधिक सातत्याने सांगेल. पर्यटकांना भाकरी व मोदक विकणाऱ्या बचत गटांना हे ज्ञान हवेच आहे. म्हणूनच चुकीच्या चाचणीची भीती वाटते. दाबून मिळालेल्या आकड्यावर उद्या ‘उत्तम भाकरी’ची मर्यादा ठरली, तर पापुद्रा न सुटलेली, सपाट, कारखान्यात लाटलेली भाकरी त्या मर्यादेत सहज बसेल आणि हातावर थापलेली बाद होईल.

किहीमच्या संदर्भात येथे एका जुन्या अभ्यासाची आठवण होते. सलीम अली यांनी १९३० मध्ये याच गावी सुगरण पक्ष्याच्या वसाहतीचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणतो, मादी ते तपासते, पसंत पडले तरच पुढचे काम होते, आणि मग नर दुसरे घरटे विणावयास घेतो, हे त्यांनी दिवसेंदिवस पाहून नोंदवले. परीक्षा कोण करते आणि कोणत्या टप्प्यावर करते, हे त्यांनी आधी पाहिले. भाकरीच्या अभ्यासातही नोंदवहीचा पहिला स्तंभ तव्यावरून उतरल्यानंतरच्या मिनिटांचा असावा, दुसरा थापणारीने त्या क्षणी वापरलेल्या शब्दाचा, आणि न्यूटनमधील बळाचा स्तंभ त्यानंतर यावा.