बोटे आणि ओठ

वाद्याच्या अभ्यासपुस्तकांची चर्चा दिवाळी अंकात कशाला, असे कोणी विचारील. परंतु चुकीचे पुस्तक हाती धरल्याने माणूस एका कलेला कायमचा मुकू शकतो, आणि मी त्या टोकापर्यंत जाऊन आलो आहे. तेव्हा हा विषय मला तरी किरकोळ वाटत नाही.

अकरा वर्षांनी मी ट्रम्पेटची पेटी उघडली. आतल्या मखमलीला कसर लागली होती, कळा चिकटल्या होत्या. वाद्य धुतले, तेल दिले आणि सरळ हात घातला तो थिओ शार्लिए यांच्या पुस्तकाला. बेल्जममधील लिएज येथे शिकवणाऱ्या या वादकाने १९२६ मध्ये ३६ अभ्यासरचना प्रसिद्ध केल्या. अवघडपणाबद्दल त्यांची ख्याती आहे. पूर्वी त्यांतल्या काही मला येत होत्या. म्हणजे आजही आल्याच पाहिजेत, असा माझा हिशेब! दीड महिन्याने शाळेच्या स्नेहसंमेलनात मी उभा राहिलो, आणि वरच्या षड्जाच्या जागी नुसती हवा बाहेर पडली. मुले हसली. त्यांचे काय चुकले? चूक माझ्या निवडीची होती.

ती कशी, हे सांगायला वाद्याची थोडी ओळख हवी. ट्रम्पेटला कळा तीनच. एकही कळ न दाबता त्यातून सा, प, वरचा सा, ग, प असे स्वर निघतात. त्यांतला कोणता लागायचा, हे ओठ आणि श्वास ठरवतात. वाजवणे सुटले तरी बोटे फारसे विसरत नाहीत. डोळे स्वरलिपी वाचतात, कानही शाबूत असतो. विसरतात ते ओठांभोवतीचे स्नायू. ते थकले की वादक माउथपीस ओठांवर जोराने दाबतो, त्या दाबाने रक्त मागे हटते, ओठ बधिर होतो. मग आणखी दाब, आणि अखेर हवाच.

म्हणून 'प्रगत अभ्यास' हा शब्दच मला फसवा वाटतो. त्यात दोन निराळ्या अडचणी एकत्र बांधल्या आहेत: एक समजुतीची, दुसरी दमाची. परतलेल्या वादकाची समज प्रौढ असते, दम मात्र पोराचा. त्याला बाळबोध पुस्तक दिले तर तो आठवड्यात कंटाळतो. महारथींचे दिले तर ओठ सुजवून घेतो. दोन्ही वाटा पेटी पुन्हा बंद होण्याकडेच जातात, आणि दुसऱ्यांदा बंद झालेली पेटी सहसा उघडत नाही.

या कसोटीवर तीन पुस्तके पाहू. हर्बर्ट क्लार्क या अमेरिकन कॉर्नेटवादकाच्या 'टेक्निकल स्टडीज'मध्ये (१९१२) रस शोधू नये. तो रुक्षच आहे. पण अगदी हळू वाजवा, एका दमात अनेकदा वाजवा, हा त्याचा आग्रह लाखमोलाचा आहे. हळू वाजवताना ओठांवर जबरदस्ती करता येत नाही. आपल्याकडे गवई खर्ज लावतो, त्याच जातीचे हे काम.

दुसरे पुस्तक झां-बाप्तीस्त आर्बां यांचे, १८६४ चे. ते कॉर्नेटसाठी लिहिलेले. ट्रम्पेटवाल्यांनी ते आपलेसे केले. त्याचा दोष म्हणजे ते कोश आहे, वाट नव्हे. परतलेला माणूस शेवटच्या १४ रचनांकडे किंवा 'कार्निव्हल ऑफ व्हेनिस'च्या करामतींकडे धावतो. मी म्हणेन, त्यातल्या १५० छोट्या सुरावटींकडे जावे. त्या बोटांना सोप्या आहेत. पण वाक्य कुठे संपते, श्वास कुठे घ्यावा, हे कळायला वय लागते. ते वय आता आपल्यापाशी आहे!

मग शार्लिए वर्ज्य? मुळीच नाही. तिघांत खरे संगीत त्यांच्याचकडे अधिक आहे, आणि म्हणूनच मोहही अधिक. त्यांची दुसरी रचना शैलीसाठी आहे, गाण्यासारखी. ती घ्यावी, पण तुकड्यांनी. जितका वेळ वाजवले तितकाच वेळ वाद्य मांडीवर ठेवावे. माझे गुरू वृद्ध गोवेकर होते, चर्चच्या शाळेत स्वरवाचन शिकलेले. पाठ आधी गाऊन दाखवल्याशिवाय ते वाद्य ओठाला लावू देत नसत. त्या शिस्तीचा अर्थ मला चाळिशीनंतर कळला: ओठ विसावतात तेव्हाही अभ्यास चालूच राहतो.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, फ्रेंच मला येत नाही. पण वीस वर्षे मी मुलांना धडे नेमून दिले आहेत. नापास होऊन परत वर्गात बसलेल्या मुलाला पहिलीचे पुस्तक देऊ नये आणि पुढच्या इयत्तेचेही देऊ नये, एवढे मला ठाऊक होते. हीच गोष्ट स्वतःला लागू करताना अहंकार आडवा आला.

हल्ली रोज संध्याकाळी आधी क्लार्क, मग दोन सुरावटी, आणि शार्लिएंची अर्धी दुसरी रचना. ओठ ताजे असतानाच थांबतो. परवा खालच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात भेटले. म्हणाले, "मास्तर, हल्ली लवकर आटोपतं तुमचं. बरं वाजत होतं की!"

मी म्हटले, "म्हणूनच थांबतो, आजोबा. उद्या वाजवायचंय."