'द इमिटेशन गेम' : एकट्याची गोष्ट

२०१४चा 'द इमिटेशन गेम' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. कंबरबॅचचं काम उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण हा चित्रपट लोक संगणकाचा इतिहास म्हणून पाहतात, आणि तिथं तो दिशाभूल करतो.

एनिग्मा आधी फोडली कोणी? पोलंडच्या मारियान रेयेव्स्कीनं, १९३२ साली. १९३९च्या जुलैत पोलिश गणितज्ञांनी आपलं सगळं काम ब्रिटिशांच्या हाती दिलं. चित्रपटात त्यांचा उल्लेख ओझरता. ट्यूरिंगच्या 'बॉम्ब' यंत्राला वेग आला तो गॉर्डन वेल्चमनच्या सुधारणेमुळं. तो तर चित्रपटात नाहीच!

शिवाय बॉम्ब म्हणजे संगणक नव्हे. इलेक्ट्रॉनिक गणनेचं मोठं पाऊल होतं 'कोलोसस'. १९४४ साली, लॉरेन्झच्या संदेशांसाठी. ते बांधलं टॉमी फ्लॉवर्स या टपाल खात्यातल्या इंजिनिअरनं आणि चालवलं नौदलातल्या मुलींनी.

यानं ट्यूरिंग लहान होतो का? मुळीच नाही. त्याची थोरवी १९३६च्या निबंधात आहे: यंत्र एकच, सूचना बदला, गणित बदलतं. पण विचार पडद्यावर दाखवणं अवघड, फिरणारी चाकं दाखवणं सोपं.

गुप्ततेच्या बंधनामुळं ही माणसं १९७०च्या दशकापर्यंत घरीसुद्धा बोलू शकली नाहीत. बंधन सुटलं, आणि मग या चित्रपटानं त्यांना पुन्हा गप्प बसवलं. माझा आक्षेप आहे तो एवढाच.