काचेतले ठिपके

हुबळीहून धारवाडला जाणाऱ्या चिगरी बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली, की उणकलचा तलाव पाहण्याआधी आपण क्षणभर काचच पाहावी. कोपऱ्यात काच घडवणाऱ्या कंपनीचा इवलासा शिक्का असतो. पण खरी गंमत त्याच्या पलीकडची. डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल असेल, तर संध्याकाळच्या तिरप्या उजेडात त्याच नितळ काचेवर फिकट ठिपक्यांच्या ओळी उमटतात. गॉगल काढला, की गुडूप!

हे ठिपके म्हणजे काचेने सोसलेल्या वाऱ्याच्या खुणा. सहाशेहून अधिक अंशांपर्यंत तापवलेल्या काचेवर दोन्ही अंगांनी हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग चटकन थिजतो, गाभा मागून सावकाश निवतो आणि आकसताना पृष्ठभागाला आत ओढून धरतो. बाहेर दाब, आत ताण. ही ओढाताण काचेच्या जन्मभर चालते आणि तिच्यातच काचेचे बळ असते. फुटलीच, तर तिचे सुरे होत नाहीत, खडीसाखरेसारखे बोथट खडे होतात.

अशा काचा घडवणाऱ्या एका कंपनीची गोष्ट मोटारीपासून सुरू होते. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि १९८४ मध्ये लब्रू कुटुंब, जपानची असाही ग्लास व मारुती यांनी मिळून गाड्यांच्या सुरक्षा-काचांची कंपनी मांडली. तीच आजची असाही इंडिया. १९८७ पासून हरयाणातल्या बावलला अशा कणखर काचा निघू लागल्या. गाडीच्या पुढच्या काचेची तऱ्हा निराळी: दोन काचांमध्ये पारदर्शक पापुद्रा, तुकडे त्यालाच चिकटून राहतात. १९०३ मध्ये एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच चित्रकार-रसायनज्ञाच्या हातून चंबू पडला आणि तडकूनही विखुरला नाही, त्याची ही पुण्याई.

मला मात्र मोह पडतो तो या कंपनीच्या उलट्या वाटेचा. आपल्याकडे माणशी एकेक पैसा जमवून पैसा फंडाने १९०८ च्या सुमारास तळेगावला काचकारखाना काढला, तेव्हा गोष्ट भट्टीपासून सुरू झाली होती. इथे आधी तयार काचेवर संस्कार, आणि मग तिच्या उगमाकडे वाटचाल: तळोज्याचा फ्लोट काचेचा कारखाना पुढे याच कंपनीत आला. तिथे वितळलेल्या कथलावर काचरस पसरतो आणि घासल्यावाचून आरशासारखी सपाटी त्याला आपसूक लाभते. कथलाचा किंचित अंश मात्र एका बाजूला राहतोच. अतिनील दिव्याखाली ती बाजू दुधट चमकते, आणि जाणते कारागीर काच हाती घेताच आधी विचारतात, ‘टिन साइड कुठली?’