हातांचे वाचिक

कर्णबधिर नटांचा प्रयोग पाहून आलेले समीक्षक त्यांच्या हातांना हमखास नृत्याची उपमा देतात. हेतू चांगला असतो, पण जात चुकते. भरतमुनींच्या परिभाषेत सांकेतिक भाषेतला संवाद हा आंगिक म्हणजे देहाचा नव्हे, वाचिक म्हणजे वाणीचा अभिनय आहे. हाताचा आकार, जागा आणि हालचाल यांतून खुणेचा शब्द घडतो, हे भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोको यांनी १९६० मध्येच दाखवून दिले. मग या नटांच्या शब्दफेकीविषयी आपण का बोलत नाही?

अमेरिकन रंगभूमीवर हा प्रश्न सर्वांत ठळकपणे उभा राहिला. १९६७ मध्ये तिथे नॅशनल थिएटर ऑफ द डेफ सुरू झाले. १९८० मध्ये मार्क मेडॉफ यांचे 'चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड' ब्रॉडवेवर आले आणि कर्णबधिर नायिका साराच्या भूमिकेसाठी फिलिस फ्रेलिक यांना टोनी पुरस्कार मिळाला. त्या नाटकातली गाठ मात्र आजही सुटलेली नाही. सारा तोंडाने बोलायला ठाम नकार देते, पण तिचे म्हणणे ऐकणाऱ्या प्रेक्षकांपर्यंत पोचते ते तिचा नवरा जेम्स याच्या तोंडून. बंड तिचे, आवाज नवऱ्याचा.

लॉस एंजेलिसच्या डेफ वेस्ट थिएटरने ही अडचणच शैलीत बदलली. २००३ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या त्यांच्या, मार्क ट्वेनच्या कादंबरीवर आधारित 'बिग रिव्हर' या संगीत नाटकामध्ये कर्णबधिर टायरोन जिओर्डानो हकल्‌बेरी फिन झाले. त्यांना आवाज दिला तो नाटकात खुद्द ट्वेनची भूमिका करणाऱ्या डॅनियल जेन्किन्स यांनी. पात्राला लेखकाचाच आवाज मिळाल्यामुळे भाषांतर ही नुसती सोय न राहता तिला नाट्यार्थ आला. एका गाण्यात तर सगळे सूर थांबतात आणि समूह हातांनीच गात राहतो. त्या क्षणी भाषांतर कमी पडते ते ऐकणाऱ्यांना.

डेफ वेस्टच्याच २०१५ च्या 'स्प्रिंग अवेकनिंग'मध्ये दिग्दर्शक मायकेल आर्डेन आणखी खोल गेले. नाटककार वेडेकिंडच्या मूळ नाटकात एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन मुलांपासून मोठी माणसे शरीराचे ज्ञान लपवतात. त्याच काळात, कर्णबधिरांच्या शिक्षणावरील १८८० च्या मिलान परिषदेने शाळांतून खुणांना बाजूला सारून तोंडी शिक्षणाचा आग्रह धरला होता. आर्डेन यांनी हे दोन्ही धागे एकत्र विणले. देहाची लाज आणि भाषेची लाज एकाच वर्गात शिकवली जाते, हे तिथे दिसते. सँड्रा मे फ्रँक यांच्या हातांतली आणि केटी बोएक यांच्या गळ्यातली नायिका वेंड्ला म्हणूनच एकटी वाटत नाही, दुभंगलेली वाटते.

मला खटकते ते एवढेच, की या तिन्ही नाटकांच्या मूळ संहिता ऐकणाऱ्या लेखकांच्या आहेत. कर्णबधिर नाटककाराचे नाटक खुणांतच सुचते, तेव्हा प्रकाशयोजनेपासून सगळे बदलते, कारण अंधार झाला की भाषाच विझते. अशा नाटकांना मोठे रंगमंच मिळायला हवेत. आणि आपण समीक्षकांनी ते हात किती सुंदर हलले हे सांगण्याआधी, ते काय बोलले आणि कसे बोलले, हे लिहायला शिकले पाहिजे.