हौदातल्या विसर्जनाचा हिशेब

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी आमच्या गावच्या घाटावर नगरपालिकेचा मांडव पडतो. लोखंडी हौद, त्याला झेंडूच्या माळा, शेजारी निर्माल्य कलश, ध्वनिक्षेपकावरून आवाहन, आणि कागदी टोप्या घालून फलक धरलेली शाळेची मुले. रात्री प्रशस्तिपत्रके वाटली जातात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आकडा छापून येतो: हौदात इतक्या मूर्ती, इतके टन निर्माल्य. मी चार वर्षे या कार्यक्रमाला विद्यार्थी घेऊन जातो आहे. गेल्या खेपेला नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हौदात गणपती विरघळतो का?"

उत्तर तोंडी देण्यापेक्षा दाखवावे म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा घाटावर गेलो. मांडव उतरवलेला होता. हौदात मूर्ती एकमेकींवर पडल्या होत्या, काहींचे हात मोडले होते, रंगाचा तवंग आला होता. विरघळलेली एकही दिसत नव्हती. पुढे त्यांचे काय होणार, हे सांगायला तेथे कोणी नव्हते.

कार्यक्रम वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. विसर्जित मूर्ती दान करा, असे अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्या संस्था सांगत, तेव्हा घाटावर त्यांच्या कार्यकर्त्यांना शिव्या खाव्या लागत. आज तेच काम नगरपालिका सरकारी खर्चाने करते आणि लोक रांग लावून ऐकतात, हा बदल लहान नाही. कायद्याचे पाठबळही आले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाच्या मार्गदर्शक सूचना २०२० साली सुधारल्या. २०२५ च्या गणेशोत्सवाआधी मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती कृत्रिम हौदांतच विसर्जित कराव्यात असा आदेश दिला. म्हणजे हौदाचे महत्त्व वाढले. म्हणूनच हौदात काय घडते, हे नीट विचारायला हवे.

प्लास्टर पाण्याशी मिळून घट्ट होते तेव्हा त्याचे जिप्सम बनते. जिप्सम पाण्यात अगदीच अविद्राव्य नाही, पण एक लिटर पाण्यात ते सुमारे अडीच ग्रॅमच मावते. दोन किलोची मूर्ती पूर्ण विरघळायला ८०० लिटर पाणी लागेल, तेही भरपूर वेळ दिला तर. समजा हौद सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि दीड मीटर खोल आहे. त्यात ३६,००० लिटर पाणी बसते. त्यात फार तर ९० किलो जिप्सम विरघळेल, म्हणजे ४५ घरगुती मूर्ती. त्यानंतर द्रावण संपृक्त झाले. शेहेचाळिसावा गणपती किती दिवस ठेवला तरी तसाच राहणार. हे गणित आठवीचा विद्यार्थी फळ्यावर करू शकतो, आणि करताना 'संपृक्त द्रावण' ही संज्ञा त्याला कायमची कळते.

तेव्हा हौद हे विसर्जनाचे नव्हे, संकलनाचे साधन आहे. रंग आणि प्लास्टर नदीबाहेर, एका जागी ठेवणे एवढेच त्याचे काम, आणि ते काम तो चांगले करतो. पण मग खरा प्रश्न दुसऱ्या दिवशीचा. ओला गाळ कोठे गेला? रंगीत पाणी कोठे सोडले? ते गटारात सोडले असेल तर नदी थोड्या वळणाने गाठली, एवढेच. छापून येणारा आकडा याबद्दल काहीच सांगत नाही. मूर्तींची संख्या हे लोकांच्या सहभागाचे माप आहे, पाण्याच्या स्वच्छतेचे नाही. आपण ही दोन मापे एकच मानून टाळ्या वाजवतो.

यावर एक शास्त्रीय उपाय आपल्याच राज्यात निघाला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेट वापरून मूर्ती घरच्या बादलीत विघटित करण्याची पद्धत सुचवली, आणि २०१६ पासून पुणे महानगरपालिकेने ते रसायन नागरिकांना मोफत दिले. बेकरीत बिस्किटे फुगवायला वापरतात ते हेच. जिप्समशी त्याची अभिक्रिया होऊन कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडूचा साका तळाशी बसतो, अमोनियम सल्फेट पाण्यात राहते आणि कार्बन डायॉक्साइडचे बुडबुडे निघतात. स्थानिक संस्थेने प्रयोगशाळेचा हात धरावा, असे वरचेवर घडत नाही. त्याचे कौतुक केलेच पाहिजे.

पुढे अनेक गावांनी ही कल्पना उचलली. आमच्याही गावाने उचलली, पण हिशेब मागे ठेवून. 'एक मूर्ती, एक पुडा' असे वाटप झाले. रेणुभार मांडून पाहा: १७२ ग्रॅम जिप्समला १५८ ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट लागते. म्हणजे दोन किलोच्या मूर्तीला १.८ किलोहून थोडे जास्त. एका किलोच्या पुड्यात निम्मी मूर्ती शिल्लक राहते, आणि घरातली मंडळी म्हणतात, 'हे काही चालत नाही.' काहींनी तर दुकानातून खायचा सोडा आणून घातला. तो सोडियम बायकार्बोनेट. त्यानेही खडू तयार होईल, पण पाण्यात सोडियम सल्फेट उरेल. ते खत नव्हे, ते मातीत क्षार वाढवणार.

उरलेल्या पाण्याचे काय, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोन किलोच्या मूर्तीपासून सुमारे दीड किलो अमोनियम सल्फेट मिळते आणि त्यात तीनशे ग्रॅमच्या वर नत्र असते. वीस लिटरच्या बादलीत हे द्रावण इतके तीव्र होते की तसेच तुळशीला घातले तर तुळस जळेल. भरपूर पाणी मिसळून, थोडे थोडे, अनेक झाडांना द्यावे लागते. सदनिकेत राहणाऱ्या माणसाकडे झाडे किती? तो बादली मोरीत ओततो. मग तेच नत्र सांडपाण्यातून नदीत जाते आणि जलपर्णीला खत मिळते. रसायन वाटणाऱ्याने द्रावण परत गोळा करायची सोय केली नाही, तर प्लास्टरचे प्रदूषण जाऊन त्या जागी नत्राचे येईल. शिवाय रंगांत शिसे किंवा क्रोमियम असेल तर ते या अभिक्रियेने नाहीसे होत नाही, साक्यात आणि पाण्यात वाटले जाते.

शाडूबद्दलही एक भाबडी समजूत आहे. शाडू विरघळत नाही. तिचे कण सुटे होतात आणि खाली बसतात. नैसर्गिक रंगाची शाडूची मूर्ती घरच्या बादलीत उत्तम, पण शेकडो मूर्ती एका लहान तळ्यात गेल्या तर गाळच वाढणार. ही माती आपल्याकडे बरीचशी गुजरातेतून खणून येते, हेही फलकावर लिहिलेले नसते. पुण्यात विसर्जनानंतरची शाडू गोळा करून मूर्तिकारांना परत देण्याचा 'पुनरावर्तन' उपक्रम चालतो. त्यात मातीचे चक्र पुरे होते, म्हणून तो मला फलक आणि टोप्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

आता मुलांविषयी. शाळांना पत्र येते ते 'शंभर विद्यार्थी पाठवावेत' असे. मुलांनी उभे राहायचे, घोषणा द्यायच्या, छायाचित्रात दिसायचे. त्यांच्याकडून काही मोजून घ्यावे, असे कोणाला सुचत नाही. वास्तविक मोजण्यासारखे पुष्कळ आहे. मूर्तीच्या तुकड्याचे वजन करून तो दोन दिवस साध्या पाण्यात ठेवावा, वाळवून पुन्हा वजन करावे. दुसरा तुकडा उघड्या हवेत, अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ठेवावा (वास उग्र असतो) आणि अधूनमधून ढवळावे. तळाचा साका तीन-चार पाण्यांनी धुऊन त्यावर लिंबू पिळावे. फसफसला तर खडू झाला, नाही तर प्लास्टर तसेच आहे. धुणे मात्र टाळू नये, कारण उरलेले बायकार्बोनेटही फसफसते आणि फसवते. आमच्या वर्गाने पहिल्यांदा नेमकी हीच चूक केली आणि अर्धा तास आनंद साजरा केला!

यंदा आम्ही नगरपालिकेला लिहिले आहे की मुले येतील, पण फलक नकोत. मांडवात एक वजनकाटा द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हौद उपसताना आम्हाला तेथे थांबू द्यावे. गाळाचे वजन आणि तो कोठे गेला, एवढे आम्ही लिहून घेऊ आणि शाळेच्या फळ्यावर लावू. अर्जाची पोच मिळाली आहे. वजनकाट्याची तरतूद कोणत्या खात्यातून करायची, यावर सध्या विचार चालू आहे असे कळते.