'द मूनस्टोन'मधील न तपासलेली चोरी

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेल्या ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथात ललितकृतीच्या तंत्राला मोठे महत्त्व दिले. रहस्यकादंबरी तर केवळ तंत्रावरच तगते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. विल्की कॉलिन्स याच्या 'द मूनस्टोन' (१८६८) या कादंबरीच्या आधारे ती तपासून पाहणे उचित होईल.

रॅचेलच्या दालनातून हिरा नाहीसा होतो आणि अनेक निवेदक आपापली साक्ष देतात. निष्णात सार्जंट कफ याचाही तर्क चुकतो. अफूच्या अमलाखाली फ्रँकलिन ब्लेकनेच नकळत हिरा उचलला होता, हे अखेर एझ्रा जेनिंग्जच्या प्रयोगाने सिद्ध होते. येथवर तंत्र निर्दोष आहे.

परंतु मूळ चोरी याहून जुनी आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या पाडावात हर्नकॅसलने तो हिरा रक्तपात करून हस्तगत केला; त्याच्या चुलतभावाने पुराव्याअभावी उघड आरोप टाळला. या गुन्ह्याचा तपास पुढे कोणीच करीत नाही. हिऱ्याच्या मागावर आलेल्या तीन ब्राह्मणांना निवेदकाचे स्थान नाही, हे कादंबरीचे मोठे वैगुण्य होय. तथापि अखेरीस हिरा सोमनाथनजीक चंद्रदेवतेच्या भाळी परत येतो. कोणत्याही न्यायासनाने न दिलेला निवाडा कथानकच देते.

सबब, रहस्यकादंबरीचे मूल्य ठरविताना रहस्याच्या उकलीबरोबरच, कोणता गुन्हा तपासास पात्र मानला गेला, हेही समीक्षकाने विचारले पाहिजे.